दोन तिरक्या रेघा

१

रुग्णालयाच्या तळघरात, औषधांच्या कोठाराला लागून, थोरलीची खोली होती. खिडकी नाही. भिंतीला टेकून संगणकांचं कपाट, दिवसभर घूं घूं करणारं. बाहेरून आलेला माणूस त्या आवाजाने पाच मिनिटांत वैतागायचा, पण थोरलीला तो बंद पडला तरच जाणवायचा. घरात ती थोरली सून, म्हणून सगळ्यांची थोरली. नोकरीत ती नुसती ताई.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात दिवसभर ज्या घोषणा व्हायच्या, त्यांचं सगळं काम तिच्या एका स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेल्या सूचनांवर, चालायचं. नोंदणीच्या खिडकीवरून एक ओळ खाली यायची. रुग्णाचं नाव, खोली, डॉक्टर, सगळं एकमेकांना चिकटलेलं. थोरलीची स्क्रिप्ट ती ओळ एका व्हेरिएबलमध्ये भरायची. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला रिकामा डबा, त्यात मजकूर ठेवायचा. मग तो मजकूर पुढून छाटायचा, मागून छाटायचा, नको तो शब्द काढून हवा तो घालायचा, आणि स्वच्छ वाक्य आवाजाकडे सोडून द्यायचं. हे छाटणं तिच्या हातात इतकं बसलं होतं, की भाजी चिरताना जसं सुरीकडे बघावं लागत नाही तसं.

पूर्वी आवाज यंत्राचा होता, डब्यात बोलल्यासारखा. लोक हसायचे. मग वरच्यांनी ठरवलं की माणसाचा आवाज हवा, आणि थोरलीने ते घरी जेवताना सहज सांगितलं. सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"अगं, मग बाहेर कशाला शोधताय? आपली मैना आहे की!" सासूबाई म्हणाल्या.

मैना म्हणजे धाकटी जाऊ. नाव सासूबाईंनीच ठेवलेलं, लग्न होऊन ती घरात आली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा. ध्वनिमुद्रणाच्या, गादीच्या भिंतींच्या एका खोलीत बसून मैनेने काही दिवस वाक्यं वाचली, आणि त्या वाचलेल्यातून यंत्राने तिचा आवाज उचलला. आता थोरली खाली जे लिहील ते मैना वर बोलायची. रुग्णालयात एकदाही न येता.

पहिल्याच आठवड्यात नोंदणीवरची बाई खाली येऊन म्हणाली, "ताई, काय गोड आवाज आहे हो! माणसं निम्मी तिथेच बरी होतील."

"वाक्यं मी लिहिते," थोरली म्हणाली.

"हो का?" बाई म्हणाली, आणि चहाची किटली घेऊन निघून गेली.

२

घरीही तेच. थोरली दमून दारात पाऊल टाकायची, तेव्हा आतून मैनेचा आवाज येत असायचा. साधं काहीतरी. दूधवाल्याशी बोलणं, सासूबाईंना औषधाची आठवण करून देणं. पण तो आवाज चालू असला की घरातली माणसं हळू चालायची. थोरलीचा नवरा वर्तमानपत्र खाली ठेवायचा. बायको बोलत असताना त्याने कधी वर्तमानपत्र खाली ठेवलेलं थोरलीला आठवत नव्हतं.

तेही तिने चालवून घेतलं असतं. पण चिऊ होती.

चिऊ तिची मुलगी, सहा वर्षांची, एकुलती एक. शाळेतून आल्यावर थोरली घरी येईपर्यंत ती काकूजवळ असायची, आणि थोरली आल्यावरही काकूजवळच असायची.

"चल, आज मी गोष्ट सांगते," थोरली एकदा म्हणाली.

चिऊने नाक मुरडलं. "तू नको. तू सांगितलीस की गोष्ट लवकर संपते. काकू, तूच सांग!"

सगळे हसले. नवरा म्हणाला, "आपल्या घरात मैना काय, चिऊ काय, पाखरंच पाखरं!" थोरलीही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि घासलेली पातेली परत घासली. तिला कुणी पाखरू म्हटलं नव्हतं. थोरली, बस. टेबलाचा मोठा खण असावा तसं.

वाईट म्हणजे, मैनेवर राग धरायला जागाच नव्हती. रोज सकाळी थोरली चपला घालत असली की ती दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "ताई, काळजी घ्या." घोषणांच्या शेवटी "काळजी घ्या" असावं हेही तिनेच सुचवलं होतं. ते वरच्यांना इतकं आवडलं की थोरलीला प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ते जोडावं लागलं.

३

एक दिवस जुना संगणक बदलला आणि थोरलीने स्क्रिप्ट नव्यावर चढवली. मजकूर फार लांबला तर शेपूट छाटायची सोय तिने आधीपासून ठेवली होती. आवाजाच्या यंत्राला लांब वाक्य पचत नसे. पण नव्या संगणकाची मांडणी वेगळी निघाली. तो अक्षरं मोजत नव्हता, अक्षरांचे तुकडे मोजत होता. आपल्या एका अक्षराचे त्याच्या लेखी तीन तुकडे. त्यामुळे लांब घोषणेची शेपूट भलतीकडेच छाटली गेली, अक्षराच्या मधोमध.

थोरली तेव्हा वर दालनात उभी होती. मैनेचा आवाज छतातून म्हणाला, "...आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहा. काळजी घ..."

आणि मग एक आवाज आला. गिळल्यासारखा. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणीतरी मागून तळवा ठेवावा, तसा.

बाकावरचे दोघे-तिघे वर बघून हसले. थोरलीलाही गंमत वाटली. अर्धं अक्षर वाचायचं कसं हे यंत्राला कळलं नसणार. उद्या नीट करू, म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालत होती. मैना नेहमीसारखी दारात आली.

"ताई, काळजी घ..." ती म्हणाली, आणि तिच्या गळ्यातून तोच आवाज आला. तसाच. तळवा ठेवल्यासारखा.

मैना स्वतःच दचकली. गळ्याला हात लावून हसली. "बघा ना, कालपासून हे काय होतंय. बोलता बोलता अडकतंय."

"थंड प्यायली असशील," थोरली म्हणाली. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता, हे तिला खाली गेल्यावर कळलं.

नोकरीवर पोचताच तिने मोजणी दुरुस्त केली, अक्षराला अक्षर म्हणून मोजणारी. त्या संध्याकाळी सासूबाई शेजारी निघाल्या तेव्हा मैना दारातून म्हणाली, "आई, काळजी घ्या." शब्द अख्खा आला.

योगायोग, थोरलीने स्वतःला बजावलं. घसा बसतो, सुटतो. माणसाचा घसा आणि तळघरातली स्क्रिप्ट यांचा काय संबंध? पण रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, आणि सकाळी उठली ती मनाशी काहीतरी ठरवूनच.

४

दर तासाला एक घोषणा व्हायची. "पिण्याचं पाणी तळमजल्यावर आहे. पाणी जपून वापरा." थोरलीने स्क्रिप्टमध्ये तिच्या आधी एक ओळ घातली. मजकुराच्या व्हेरिएबलमध्ये एक तिरकी रेघ, मग शब्द, मग पुन्हा रेघ आणि पुढे काहीच नाही. म्हणजे हा शब्द जिथे पहिल्यांदा येईल तिथून काढून टाक. शब्दाआधी एकच रेघ असली की पहिलाच निघतो, पुढचे राहतात. शब्द तिने लिहिला: पाणी.

ती घोषणा ऐकायला वर गेलीच नाही. तिला ती ऐकायची नव्हती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मैना म्हणाली, "ताई, जरा... द्या ना."

"काय?"

मैनेचे ओठ हलले. मध्ये नुसतं गिळणं आलं. तिने तांब्याकडे बोट दाखवलं, आणि मग एकदम शब्द सुटला. "पाणी! पाणी द्या ना. काय बाई वेड लागलंय मला!" सगळे हसले. दीर म्हणाला, "आवाज विकला रुग्णालयाला, आता घरी उरलासुरला वापरतेय."

थोरलीने तांब्या पुढे केला. छातीत काहीतरी ऊबदार पसरत होतं, आणि ते काय आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. पहिला शब्द गेला होता, दुसरा राहिला होता. स्क्रिप्टने अगदी सांगितलं तेवढंच केलं होतं.

सकाळी तिने "पाणी" काढलं. आणि त्या जागी, कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचारही न करता, "चिऊ" लिहिलं.

रुग्णालयाच्या कुठल्याही घोषणेत तो शब्द नव्हता.

५

काही दिवसांनी छतातले स्पीकर सांभाळणारा वायरमन खाली आला. शिडी दाराला टेकवून तो म्हणाला, "ताई, दुपारी डॉक्टर जेवायला जातात तेव्हा तुमच्या घोषणा बंद असतात ना?"

"हो. पाठवायला काही नसतंच."

"मग छतात पाखरू शिरलंय. सगळं शांत झालं की वरून चिऊ चिऊ ऐकू येतं. मी जाळी काढून पाहिलं. घरटं नाही, पीस नाही." तो हसला. "एकदा तर बाई हाक मारतेय असंच वाटलं."

"पाखरूच असेल," थोरली म्हणाली. कपाटाची घूं घूं तिला त्या क्षणी ऐकू आली, खूप मोठ्याने. वायरमन गेल्यावर तिने स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचली. छाटलेला शब्द कुठे साठवायचा, असं तिने कुठेच लिहिलेलं नव्हतं. छाटला की गेला. तिने तसं दोनदा पाहून घेतलं, आणि ओळ मात्र तशीच ठेवली.

कारण घरी तिच्या मनासारखं घडत नव्हतं. तिला वाटलं होतं, मैनेच्या तोंडून हाक आली नाही की पोर हिरमुसेल आणि आईकडे वळेल. झालं उलटंच. मैना हाक मारायला तोंड उघडायची, पहिल्यांदा नुसते ओठ हलायचे, मग दुसऱ्यांदा हाक यायची. चिऊला तो खेळच वाटला.

"आई, काकू आधी मुक्याने बोलावते आणि मग खरं!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "मला मुक्यानेपण ऐकू येतं!"

आणि बाकीचे? सासूबाई मैनेसाठी काढे करत बसल्या. दीर कामावरून लवकर येऊ लागला. थोरलीच्या नवऱ्याने तर वाटेत थांबून तिच्यासाठी घशाच्या गोळ्या आणल्या. थोरलीला गेल्या थंडीत ताप आला होता, तेव्हा गोळ्या तिने स्वतः जाऊन आणल्या होत्या. मैना बोलायची तेव्हा सगळे ऐकायचे. आता ती अडखळायची तर सगळे श्वास धरून वाट बघायचे.

एका संध्याकाळी थोरली घरात शिरली तर चिऊ काकूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मैना तिच्याकडे बघत होती, ओठ हलवत होती, आवाज न करता. थोरलीला बघून मैना ओशाळून हसली. "जागी होईल म्हणून मुक्यानेच बोलावतेय," ती कुजबुजली.

सकाळी खोलीत पोचल्यावर थोरलीने पर्सही खांद्यावरून काढली नाही. तशीच उभ्याने वाकून तिने त्या ओळीत शब्दाआधी आणखी एक तिरकी रेघ घातली. शब्दाआधी आता दोन रेघा. म्हणजे पहिलाच नाही, जिथे जिथे सापडेल तिथून काढ.

६

त्याच दुपारी सासूबाई मैनेला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन आल्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून चिऊही बरोबर. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि सांगितलं की घसा अगदी स्वच्छ आहे, काळजीचं कारण नाही. थोरली वर आली तेव्हा तिघी दालनातल्या बाकावर बसल्या होत्या. मैनेचा चेहरा उतरला होता.

"सकाळपासून एकदाही पोरीला हाक मारता आली नाही हिला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "रडतेय सारखी."

डॉक्टर जेवायला गेले होते. घोषणा बंद. दालनात पंख्यांचा आवाज तेवढा होता, आणि कुणाचं तरी खोकणं.

मग छतातून मैनेचा आवाज आला.

"चिऊ."

थोरलीने मैनेकडे पाहिलं. मैना बाकावर बसली होती, ओठ मिटलेले, आणि ती वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीही नव्हती अजून, नुसता गोंधळ होता. सासूबाई रुमालाने चष्मा पुसत होत्या. कमी ऐकू यायचं त्यांना.

"चिऊ." आता थोड्या पुढच्या स्पीकरमधून.

"आले!" चिऊ बाकावरून उतरली. "काकू तिकडून बोलावतेय."

"अगं, काकू ही काय इथे..." थोरली म्हणाली, पण पोर तोवर मार्गिकेत शिरली होती. हाक एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकत होती, तिच्या पावलांच्या थोडी पुढे. जेवढे शब्द छाटले गेले होते तेवढ्याच हाका असाव्यात, किंवा त्याहून जास्त. थोरलीला नंतरही ते सांगता आलं नसतं.

मार्गिकेच्या टोकाला नव्या इमारतीचं काम चाललं होतं. तिथली भिंत पाडलेली होती आणि तिच्या जागी निळं ताडपत्रीचं कापड बांधलं होतं. कापड वाऱ्याने आत येत होतं, बाहेर जात होतं. शेवटचा स्पीकर त्याच्याही पलीकडे, उघड्या लोखंडी खांबाला लटकत होता. हाक आता तिथून येत होती. कापडाच्या मागे, खालपर्यंत, काहीच नव्हतं.

थोरलीने हाक मारायला तोंड उघडलं.

जिभेने शब्द उचलला, ओठ जुळले, आणि गळ्यात कुणीतरी तळवा ठेवला. गिळल्यासारखा आवाज बाहेर पडला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. जिथे जिथे सापडेल तिथून. पोरीचं नाव तिला डोळ्यांपुढे दिसत होतं, अक्षर न् अक्षर, आणि तोंडात त्या जागी सपाट, गुळगुळीत काहीतरी होतं. पाय हलेनात. "थांब!" असं ओरडायचं तिला सुचलं ते फार उशिरा, आणि थांब म्हणजे कुणाला, हे पळणाऱ्या पोरीला कळलंच नाही.

कापड फुगलं. वाऱ्याने ते क्षणभर बाजूला झालं तेव्हा पलीकडे कुणीतरी वाकून हात पुढे केलेला थोरलीने पाहिला. बाईचा हात. कोपरापर्यंतच. कोपराच्या वर तो मध्येच संपला होता, नीट छाटल्यासारखा.

मैना तिच्या शेजारून पळत गेली. तोंडातून चकार शब्द नाही, नुसत्या चपला फटाफट वाजत गेल्या. तिने कापडाच्या अलीकडे पोरीला कमरेत धरलं, उचललं आणि दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या. कापड पडलं. हाक थांबली.

७

थोरली तळघरात गेली आणि ती ओळ पुसली. रेघा, शब्द, सगळं. मग पूर्ण स्क्रिप्टच बदलून जुनी, मोजणी दुरुस्त केली त्या दिवसाची ठेवली. पासवर्ड दोनदा चुकला.

त्या संध्याकाळी घरी मैनेने "चिऊ!" अशी हाक मारली, पहिल्याच झटक्यात, आणि घरभर आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी डोळे पुसले. दीर तिला म्हणाला, "म्हण, अजून म्हण." मैना हसत हसत म्हणत राहिली, आणि चिऊ प्रत्येक हाकेला ओ देत खोलीभर नाचत राहिली.

थोरली दारात उभी होती. तिनेही तोंड उघडलं.

तिला नंतर पुष्कळ वेळा प्रयत्न करावा लागला. बाथरूममध्ये दार लावून, आरशासमोर. जिन्यात. नोकरीच्या खोलीत. बाकी सगळे शब्द येत होते. तेवढाच येत नव्हता. ती मुलीला "बाळ" म्हणू लागली, "ए, इकडे ये" म्हणू लागली. चिऊने एक-दोनदा तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि एकदा सरळ विचारलं, "आई, तू माझं नाव का नाही घेत? मी काय केलं?" थोरलीने तिला जवळ ओढून घट्ट धरलं. चिऊ थोडा वेळ अवघडून तशीच राहिली, मग सुटून काकूकडे गेली.

पुढच्या आठवड्यात नव्या इमारतीच्या कामासाठी एक दुपार सगळी वीज बंद केली. घोषणांचं यंत्र बंद. तळघरातलं कपाटही बंद. खोलीत असा सन्नाटा पसरला की थोरलीला बसवेना. ती वर दालनात येऊन बाकावर बसली. उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते. शेजारी एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

छतातून हाक आली. "चिऊ."

मैनेचा आवाज नव्हता तो. जरा खरबरीत, दमलेला. त्या आवाजाने कधी कुठल्या खोलीत बसून वाक्यं वाचली नव्हती, त्याची कुणी कधी तारीफ केली नव्हती. पण हाकेत इतकी माया होती की आसपासच्या दोघा-तिघांनी माना वर केल्या.

"चिऊ. अगं चिऊ."

थोरलीने स्वतःचा आवाज ओळखला. तो ऐकताना तिच्या मनात जे उसळलं, ते अगदी ओळखीचं होतं. मैनेच्या हाका ऐकताना उसळायचं तेच. त्याला येतं. वर बसून तो हवं तेवढं म्हणतोय.

"किती जीव तोडून बोलावतेय बिचारी," म्हातारी म्हणाली. मग थोरलीकडे वळली. "कुणाला हो बोलावतायत?"

सांगायला थोरलीने तोंड उघडलं. म्हातारी कान पुढे करून वाट बघत राहिली.